‘वय झाले’ हे निदान नव्हे : घरातील वृद्ध कुत्र्याची उतरण कशी ओळखावी, कशी सांभाळावी

दक्षिण बंगळुरूतील जे. पी. नगर ही लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव लाभलेली आणि अनेक ‘फेज’मध्ये पसरलेली मोठी निवासी वस्ती आहे. जुनी स्वतंत्र घरे आणि त्यांच्या शेजारी उभी राहिलेली बहुमजली संकुले असे तिचे मिश्र स्वरूप आहे. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या भरभराटीच्या काळात या शहरात देशभरातून कुटुंबे आली. त्यांत मराठी कुटुंबांचीही संख्या मोठी होती. २०१० नंतरच्या वर्षांत यांपैकी ज्या घरांत कुत्र्याचे पिलू आले, त्या घरांत आज बारा ते चौदा वर्षांचा वृद्ध प्राणी वावरत आहे.

अशा वस्तीत पहाटे फेरफटका मारणाऱ्यास हे वार्धक्य सहज दिसते. एकेकाळी मालकाला ओढत नेणारा कुत्रा आता मागे राहतो आणि पट्टा उलट्या दिशेने ताणला जातो. लिफ्टमध्ये एखाद्या शेजाऱ्याने चौकशी केली, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते. मराठीत ‘वय झालंय आता त्याचं’, कन्नडमध्ये ‘वयस्साय्तु’. भाषा बदलते, वाक्य तेच राहते. आणि चौकशीही तेथेच थांबते.

पशुवैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नेमकी अडचण या वाक्यातच आहे. वार्धक्य हा आजार नसून ती एक अवस्था आहे. या अवस्थेत होणाऱ्या अनेक आजारांवर उपचार उपलब्ध आहेत, तथापि ते ‘वया’च्या खाती जमा केले जात असल्याने कुत्रा डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वृद्ध पाळीव कुत्र्यांपैकी सुमारे १४.२ टक्के कुत्र्यांमध्ये स्मृतिभ्रंशसदृश विकार असावा, असा अंदाज वर्तविण्यात आला होता. प्रत्यक्षात पशुवैद्याकडून या विकाराचे निदान झालेल्या कुत्र्यांचे प्रमाण मात्र अवघे १.९ टक्के होते. उरलेल्या कुत्र्यांच्या मालकांनी बदल पाहिला नव्हता असे म्हणता येणार नाही. पाहिलेल्या गोष्टीला वेगळे नाव असू शकते, याची त्यांना बहुधा कल्पना नसावी.

सात वर्षांचा हिशेब

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा हिशेब सर्वपरिचित असला तरी अचूक नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये लॅब्रेडोर कुत्र्यांच्या जनुकीय द्रव्यावरील रासायनिक खुणांचा अभ्यास करून निराळे गणित मांडले. त्यानुसार एक वर्षाचा लॅब्रेडोर साधारण तिशीतील माणसाच्या, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडलेल्या आणि बारा वर्षांचा सत्तरीच्या व्यक्तीच्या बरोबरीचा ठरतो. म्हणजे कुत्र्याचे शरीर आरंभी झपाट्याने प्रौढ होते व नंतर त्याचा वेग मंदावतो.

आकारमानानुसार यात मोठा फरक पडतो. ग्रेट डेनसारखा अजस्र कुत्रा सहाव्या-सातव्या वर्षीच वृद्ध मानला जातो, तर पॉमेरेनियन किंवा डॅक्सहुंड त्या वयात मध्यमवयीन असतो. म्हणूनच अमेरिकी पशुरुग्णालय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्षांचा आकडा न देता, अपेक्षित आयुर्मानाचा अखेरचा चतुर्थांश काळ म्हणजे वार्धक्य, अशी व्याख्या करण्यात आली आहे. या टप्प्यावर वर्षातून एकदा नव्हे, तर दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी, अशी शिफारस केली जाते. कुत्र्याचे सहा महिने माणसाच्या मानाने बराच दीर्घ काळ असतो, हे त्यामागील साधे कारण आहे.

स्वभाव बदलला की काही दुखते आहे?

वृद्ध कुत्र्याच्या मालकाने सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न हाच आहे. कुत्रा वेदनेने विव्हळतो ही समजूत तीव्र, अकस्मात वेदनेपुरती खरी आहे. सांध्यांचे जुनाट दुखणे तो बोलून दाखवीत नाही. ते त्याच्या हालचालींतून वाचावे लागते. गाडीत उडी मारण्यापूर्वी तो क्षणभर थांबतो. जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम उचलतो. फिरावयास निघाल्यावर मध्येच बसतो. पुढच्या पायाचे मनगट वारंवार चाटतो. पूर्वी लहान मुलांच्या अंगावर लोळणारा कुत्रा कमरेजवळ हात लागताच गुरगुरतो. या शेवटच्या लक्षणाला घरात ‘चिडका झाला’ असे म्हटले जाते आणि कुत्र्याला रागावले जाते. संधिवात असलेल्या वृद्धाच्या गुडघ्यावर कोणी अचानक हात ठेवला, तर त्याची प्रतिक्रियाही फारशी वेगळी नसते.

फटाक्यांची किंवा मेघगर्जनेची भीती हे याचे आणखी एक उदाहरण होय. आयुष्यभर दिवाळीत शांत झोपणारा कुत्रा दहाव्या वर्षी अचानक पलंगाखाली थरथरू लागला, तर त्याची वेदनेच्या दृष्टीने तपासणी करावी, असे ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१८ मधील अभ्यासातून सुचविण्यात आले. आवाजाने दचकताना स्नायू आकसतात, दुखऱ्या सांध्यावर ताण येतो आणि कुत्रा आवाज व वेदना यांची सांगड घालतो, असे त्यामागील अनुमान आहे.

दवाखान्यात गेल्यावर मात्र हाच कुत्रा ताठ चालू लागतो. अपरिचित जागेच्या तणावामुळे लंगडणे तात्पुरते झाकले जाते. यासाठी घरातील चालणे, उठणे आणि जिना चढणे यांचे मोबाइलवर छोटे चित्रीकरण करून ते डॉक्टरांना दाखविणे उपयुक्त ठरते.

प्रत्येक लंगडणे म्हणजे संधिवात नव्हे, हेही लक्षात ठेवणे आवश्यक आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासात मोठ्या प्रमाणावर स्फोटके हुडकून काढणारा मुंबई पोलिसांचा लॅब्रेडोर ‘झंजीर’ नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने मरण पावला आणि त्याला पोलिसी इतमामात निरोप देण्यात आला. मोठ्या जातींमध्ये हा कर्करोग पायाच्या हाडांत विशेषकरून आढळतो. एकाच पायाला असलेली, हळूहळू वाढणारी कठीण सूज आणि विश्रांतीनंतरही न थांबणारे लंगडणे दिसल्यास तेल चोळीत बसण्याऐवजी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

घरातील औषधांच्या डब्याविषयी येथे स्पष्ट इशारा देणे भाग आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या जठरात व्रण निर्माण करतात आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलची मात्रा थोडी चुकली तरी यकृतास धोका पोहोचतो. (गिधाडांच्या संहारास कारणीभूत ठरल्यामुळे भारतात जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या वापरावर २००६ मध्ये बंदी घालण्यात आली, हे वाचकांना स्मरत असेल.) कुत्र्यांसाठी तुलनेने सुरक्षित वेदनाशामके उपलब्ध आहेत, परंतु रक्ततपासणीनंतर आणि वजनानुसार ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असतात.

वार्धक्याच्या नावाखाली दडणाऱ्या इतर आजारांची यादी मोठी आहे. भारतीय घरांत वारंवार दिसणारे काहीच येथे नमूद करीत आहोत. पाण्याचे भांडे पूर्वीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले आणि लघवीचे प्रमाण वाढले, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा बिघाड यांची शक्यता असते. रक्तातील क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता संपलेली असू शकते. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान न मानता लघवीचीही तपासणी करावी. सुस्ती, मंदावलेली भूक आणि फिकट हिरड्या यांमागे वय नसून गोचिडांमुळे होणारा ताप असू शकतो, आणि तो आपल्या हवामानात वर्षभर आढळतो. शस्त्रक्रिया न झालेली वृद्ध मादी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली, पाणी जास्त पिऊ लागली किंवा तिच्या योनिमार्गातून स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता गृहीत धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एक रात्र थांबणेही जिवावर बेतू शकते. वृद्ध लॅब्रेडोरचा आवाज घोगरा झाला आणि श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर स्वरयंत्राच्या अर्धांगाचा संशय घ्यावा. असा कुत्रा उन्हात फिरविणे धोक्याचे असते. आणि वर्तनातील कोणत्याही आकस्मिक बदलाच्या वेळी, विशेषतः लसीकरणात खंड पडला असल्यास, आपल्या देशात रेबीजचा विचार डावलता येत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत बातमी तुलनेने चांगली आहे. सात-आठ वर्षांनंतर बाहुलीत दिसणारी निळसर धूसर छटा बहुतेक वेळा मोतीबिंदू नसून भिंगाचे नैसर्गिक काठिण्य असते आणि तिच्यामुळे दृष्टी फारशी बाधित होत नाही. खरा मोतीबिंदू दुधासारखा पांढरा दिसतो. दोहोंतील फरक डॉक्टर काही मिनिटांत सांगू शकतात. श्रवणशक्ती कमी होण्यावर मात्र उपाय नाही. हाक मारूनही न येणारा कुत्रा हट्टी झाला असे मानण्यापूर्वी, त्याच्या पाठीमागे उभे राहून टाळी वाजवून पाहावी. हाताच्या खुणा बहिरेपण येण्यापूर्वीच शिकविल्या तर पुढे त्या कामी येतात.

एका प्रसंगाविषयी अधिक सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यात जीव जाण्याचे कारण आजार नसून गैरसमज ठरू शकतो. काल रात्रीपर्यंत ठीक असलेला वृद्ध कुत्रा सकाळी उठताच एका बाजूला कोसळतो. मान तिरपी होते, बुबुळे वेगाने डावीकडून उजवीकडे फिरतात, उलट्या होतात, त्याला उभे राहता येत नाही. घरच्यांना हा पक्षाघात वाटतो आणि काही जण त्याच दिवशी दयामरणाचा निर्णय घेऊन मोकळे होतात. अनेकदा हा वार्धक्यात उद्भवणारा, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसू लागते आणि बहुतेक कुत्रे दोन ते तीन आठवड्यांत चालू-फिरू लागतात. मान किंचित तिरपी राहिली तर राहते. कानाचा संसर्ग अथवा मेंदूचा विकार नाही याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी, मात्र पहिल्या दिवशी अंतिम निर्णय घेऊ नये.

‘दिशा’ हरवते तेव्हा

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे. माणसाच्या बाबतीत ती आता कोणी गांभीर्याने उच्चारीत नाही, कारण स्मृतिभ्रंश हा विकार आहे हे समाजाने बऱ्याच अंशी स्वीकारले आहे. कुत्र्याच्या बाबतीत ही स्वीकृती अद्याप व्हावयाची आहे.

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. कुत्रा दिवाणखान्यात येरझारा घालीत असतो, नखांचा टकटक आवाज थांबत नाही. काही वेळाने तो दाराच्या उलट्या बाजूस, बिजागिरीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो आणि मागे फिरावयाचे कसे हे त्याला उमगत नाही. दुसऱ्या दिवशी तो दुपारभर गाढ झोपतो. घरातील माणूस कामावरून आला तरी शेपूट हलत नाही, किंवा याउलट तो त्या माणसाला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. बाहेर फिरवून आणल्यावर घरात येऊन सतरंजीवर लघवी करतो. या विकाराला वैद्यकीय परिभाषेत ‘कॉग्निटिव्ह डिसफंक्शन’, म्हणजे आकलनशक्तीचा ऱ्हास, असे म्हणतात.

या लक्षणांची वर्गवारी लक्षात राहावी म्हणून पाश्चात्त्य पशुवैद्यांनी इंग्रजी आद्याक्षरांपासून एक शब्द तयार केला आणि योगायोगाने त्याचा उच्चार ‘दिशा’ असा होतो. भाषेच्या अभ्यासकाला हा योगायोग सुखावणारा आहे, कारण यादीतील पहिलेच लक्षण दिशाभ्रमाचे आहे. त्यापाठोपाठ माणसांशी व अन्य प्राण्यांशी असलेल्या संबंधांतील बदल, झोपेचे उलटलेले चक्र, घरात मलमूत्रविसर्जन, हालचालींतील घट किंवा निरर्थक वाढ, आणि अकारण चिंता ही लक्षणे येतात. कॅलिफोर्नियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत, तर पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत अशा बदलांचे किमान एक लक्षण आढळले होते.

कुत्र्याच्या मेंदूतही माणसाच्या अल्झायमर्सप्रमाणे ‘बीटा-अ‍ॅमिलॉइड’ हे प्रथिन साचते, मेंदूचा आकार आक्रसतो आणि त्यातील पोकळ्या रुंदावतात. साधर्म्य संपूर्ण नाही, तरीही ते इतके आहे की मानवी विकाराच्या संशोधनात वृद्ध कुत्र्यांचा अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. या विकाराचे निदान करणारी एकच एक रक्तचाचणी मात्र दवाखान्यात उपलब्ध नाही. वेदना, अंधत्व, बहिरेपण, मूत्रमार्गाचा संसर्ग, उच्च रक्तदाब, थायरॉइडचा बिघाड अशी इतर कारणे एकेक करून बाजूला सारल्यानंतरच या निष्कर्षाप्रत येता येते. घरात लघवी करणाऱ्या कुत्र्याची प्रथम लघवी तपासावी, स्मरणशक्ती नंतर, असा साधा क्रम ध्यानात ठेवावा.

घर, दिनक्रम आणि औषध

हा विकार पूर्णपणे बरा होत नाही. त्याची गती कमी करणे आणि कुत्र्याचे दिवस सुसह्य करणे शक्य असते, आणि त्याची सुरुवात फरशीपासून होते. जे. पी. नगरमधील असो वा पुण्या-ठाण्यातील, नव्या सदनिकांत गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसविलेल्या असतात. कमकुवत मागच्या पायांच्या कुत्र्यासाठी ती बर्फाची लादी ठरते. एकदा पाय घसरून पडलेला कुत्रा पुढे त्या खोलीत जाण्याचेच टाळतो आणि घरच्यांना वाटते की तो एकलकोंडा झाला. झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी तळाच्या चटया किंवा जुन्या योगा मॅट अंथरल्या, तर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर सुटतो. पंज्यांमधील वाढलेले केस कापावेत, नखे वेळच्या वेळी कमी करावीत. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारवा जाणवतो. अशा दिवसांत नुसत्या फरशीवर झोपलेल्या कुत्र्याचे सांधे सकाळी आखडतात. दुहेरी गोधडी पुरेशी होते.

स्मृतिभ्रंश झालेल्या कुत्र्यासाठी घरातील फर्निचर हलवू नये. रात्री मंद दिवा चालू ठेवावा. झोपण्यापूर्वी उशिरा एकदा बाहेर न्यावे आणि दुपारची झोप थोडी मोडून त्याला जागे ठेवण्याचा प्रयत्न करावा. घरात लघवी केल्यास रागावणे निरर्थक आहे. त्या प्राण्याला आपले काय चुकले हे आठवत नाही. आठवते ते केवळ आपल्या आवाजातील भय.

फेरफटका बंद करू नये, त्याचे स्वरूप बदलावे. तीन किलोमीटरच्या एका चालीऐवजी दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि त्यात हवा तितका वेळ वास घेण्याची मुभा द्यावी. वास घेणे हा कुत्र्याच्या दृष्टीने मेंदूचा व्यायामच आहे. जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाण्याचे तुकडे लपवून शोधावयास लावणे यास खर्च येत नाही. कॅनडातील टोरोंटो येथे वृद्ध बीगल कुत्र्यांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, बुद्धीला चालना देणारा दिनक्रम आणि अँटिऑक्सिडंटयुक्त आहार हे दोन्ही एकत्र दिले असता शिकण्याची क्षमता सर्वाधिक टिकून राहिल्याचे दिसून आले. पंधरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती संकलित करणाऱ्या अमेरिकेतील प्रकल्पानेही २०२२ मध्ये, समवयस्क अतिसक्रिय कुत्र्यांच्या तुलनेत निष्क्रिय कुत्र्यांत या विकाराची शक्यता सुमारे साडेसहा पट असल्याचे नोंदविले. अर्थात निष्क्रियतेमुळे विकार होतो की विकारामुळे कुत्रा निष्क्रिय होतो, हे या आकड्यावरून ठरत नाही.

आहाराबाबत सर्वांत भक्कम पुरावा वजनाचा आहे. ४८ लॅब्रेडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, चतुर्थांश कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे १३ वर्षे, तर त्यांच्या भावंडांचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांच्या उपचारांची गरजही पहिल्या गटात बरीच उशिरा भासली. दूध-पोळी, ताटातील तूपभात आणि चहासोबतचे बिस्किट यांतून प्रेम व्यक्त करण्याची आपली रीत या आकड्यांपुढे तपासून पाहण्याजोगी आहे. याउलट, म्हातारपणी प्रथिने कमी करावीत ही समजूत सरसकट लागू होत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर स्नायू टिकविण्यासाठी उत्तम प्रथिनांची गरजच असते. मध्यम शृंखलेच्या मेदाम्लांमुळे वृद्ध कुत्र्यांच्या आकलनशक्तीत सुधारणा झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ही माहिती कानावर येताच काही घरांत वाटीवाटीने खोबरेल तेल दिले जाते. खोबरेल तेल आणि प्रयोगात वापरलेले तेल एकच नव्हे, आणि एकदम वाढविलेल्या मेदाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

औषधांमध्ये सेलेजिलीन या औषधाला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कुत्र्यांतील या विकारासाठी १९९८ मध्ये मान्यता दिली. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि सर्वच कुत्र्यांना गुण येतो असे नाही. भारतीय मालकांनी एक बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. गोचिडांसाठी आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे अमिट्राझ हे द्रावण आणि वेदनेसाठी दिले जाणारे ट्रॅमाडॉल, ही दोन्ही सेलेजिलीनसोबत धोकादायक ठरू शकतात.

संकुलांत राहणाऱ्यांना आणखी एक अडचण भेडसावते, ती लिफ्टची. पाळीव प्राण्यांना लिफ्ट वापरू न देण्याचे ठराव काही सोसायट्या करतात. तरुण कुत्र्याच्या बाबतीत तो गैरसोयीचा विषय असतो. तेरा वर्षांच्या संधिवातग्रस्त कुत्र्याला चौथ्या मजल्यावरून दिवसातून तीनदा जिन्याने नेणे ही क्रूरताच होय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रहिवासी संघटनांनी पाळीव प्राण्यांना लिफ्टच्या वापरापासून रोखू नये, असे म्हटले आहे. भांडणापेक्षा या सूचनांची प्रत आणि डॉक्टरांचे पत्र समितीपुढे ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आपत्कालीन प्रसंगाची तयारी आधीच करून ठेवावी. बंगळुरूतील १९५८ मध्ये स्थापन झालेले शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय हेब्बाळ येथे, म्हणजे जे. पी. नगरच्या दृष्टीने शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला आहे, आणि या शहरातील वाहतुकीविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. घराजवळ रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, कुत्र्याचे वजन किती, कोणती औषधे चालू आहेत, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवावे. अनेक घरांत मुले परदेशी असतात आणि वृद्ध कुत्र्यासोबत वृद्ध आई-वडीलच असतात. तीस किलोंचा कुत्रा उचलून गाडीत कोण ठेवणार, याचे उत्तर त्या रात्री शोधावे लागू नये.

अखेरचा निर्णय

दयामरणाच्या प्रश्नावर आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. ‘नैसर्गिक मरण येऊ द्यावे’ ही भावना समजण्यासारखी आहे, परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा श्वासासाठी झगडणाऱ्या कुत्र्याचे नैसर्गिक मरण शांत असतेच असे नाही. निर्णयासाठी पशुवैद्य एक साधी पद्धत सुचवितात. कुत्र्याला सर्वाधिक आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि भिंतीवरील दिनदर्शिकेत रोज चांगल्या वा वाईट दिवसाची खूण करावी. रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण जाणवत नाही. महिन्याचे पान एकदम पाहिल्यावर ती दिसते. वाईट दिवसांची संख्या चांगल्या दिवसांहून अधिक होऊ लागली, की डॉक्टरांशी बोलण्याची वेळ आलेली असते. प्रत्यक्ष प्रक्रियेत साधारणतः प्रथम गुंगीचे औषध आणि त्यानंतर भुलीच्या औषधाची अतिरिक्त मात्रा देण्यात येते. काही डॉक्टर त्यासाठी घरीही येतात.

घरात दुसरा कुत्रा असल्यास त्याच्याकडे या काळात विशेष लक्ष द्यावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी कर्तव्य बजावलेले मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चार लॅब्रेडोर निवृत्तीनंतर विरार येथील एका फार्मवर राहावयास गेले होते. २०१६ या एकाच वर्षात चौघेही वृद्धापकाळात मरण पावले. जुलैमध्ये टायगर गेल्यानंतर एकटा उरलेला सीझर खिन्न झाल्याचे वृत्त त्या वेळी आले होते. ऑक्टोबरमध्ये तोही गेला. उरलेल्या कुत्र्याचे दुःख खरे असते. मात्र पशुवैद्यांना अशा वेळी आणखी एक गोष्ट आढळते. दृष्टी किंवा श्रवणशक्ती गमावलेला कुत्रा अनेकदा जोडीदाराच्या मागोमाग चालून आपली उणीव झाकीत असतो आणि जोडीदार गेल्यावर ती उघडी पडते. तो जेवत नाही, दाराशी अडखळतो, हाकेला ओ देत नाही, ते केवळ शोकामुळे असे धरून न चालता त्याच पंधरवड्यात त्याचीही डोळे, कान आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी.